एकाच मशीनला दोनदा तेल

अक्कांनी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर शिट्टी वाजवली, तेव्हा वहिनी ओट्याशी उभ्या राहून काकडीच्या चकत्या करत होत्या. सुरी जागच्या जागी थांबली. एक शिट्टी म्हणजे अक्का आल्या. दोन म्हणजे अक्का आल्या आणि हातात जड सामान आहे. तीन वाजल्या तर घरात असेल त्या सगळ्यांनी हातातलं काम टाकून बाहेर यायचं. शाळेत पी.टी. शिकवण्यात हयात घालवलेल्या या बाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त व्हायला तयार नव्हती.

आज तीन वाजल्या.

"आल्या," सूनबाई म्हणाली आणि टेबलावरचं साखर मोजायचं मशीन उगाच पुन्हा एकदा सरळ करून ठेवलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. मशीन तिनेच आणलं होतं, आणि ते आणल्याबद्दल अक्का तिच्याशी पंधरा दिवस धड बोलल्या नव्हत्या. आकडा बघितला की माणूस घाबरतो, आणि घाबरला की साखर वाढते, असं अक्कांचं शास्त्र होतं. पण आज विजयाचा दिवस असल्यामुळे त्यांनी मशीनला एक दिवसाची परवानगी दिली होती.

तीन महिन्यांपूर्वी याच टेबलाशी बसून अक्कांनी दादांकडून, म्हणजे आपल्या पाठच्या भावाकडून, वहिनींच्या नवऱ्याकडून, शब्द घेतला होता. साखरेची गोळी बंद, पथ्य सुरू. तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर साखर मोजायची, आणि ती ठीक निघाली तर गोळीचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. त्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघराची झडतीही घेतली. साखरेचा डबा, मधाची बाटली, जॅम, बिस्किटं, फळांच्या रसाचे खोके, सगळं एका पोत्यात गेलं आणि पोतं अक्कांबरोबर गेलं. जाता जाता त्यांनी मिठाच्या बरणीतही बोट घालून चाटून पाहिलं. कुणी शहाण्यानं साखर मिठात लपवली असली तर काय घ्या.

तेव्हापासून घरात दोन पक्ष पडले होते. गोळीपक्षात सूनबाई आणि थोरला लेक, म्हणजे तिचा नवरा. पथ्यपक्षात अक्का आणि वहिनींचे धाकटे दीर. हे दीर मुळात गोळीपक्षाचेच. त्यांना सगळे स्प्रिंग म्हणत, कारण ते एका जागी दोन मिनिटं टिकत नसत. पण दादा बरे झाले की अक्कांचा पुढचा मोर्चा आपल्या पोटाकडे वळणार हे त्यांना फार लवकर कळलं, आणि मोर्चा आपल्याकडे येऊ नये म्हणून ते स्वतःच मोर्च्यात सामील झाले. अक्का बोलायला लागल्या की ते मान हलवत, आणि अक्का गेल्या की खाली कारखान्यात जाऊन कुठूनशी बिस्किटं काढून खात.

वहिनी कुठल्या पक्षात आहेत हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

खाली कारखाना आणि वर घर, अशी ती इमारत. कारखाना म्हणजे खुर्च्या-सोफ्यांना नवी कापडं चढवायचा, फाटकी गादी उसवून आतला काथ्या बदलायचा, दबलेल्या स्प्रिंगा ताणायचा. वहिनींच्या सासऱ्यांनी, मामंजींनी, तो उभा केला आणि त्याबरोबर एक नियमही: दिसलं ते करावं, बोलून दाखवू नये. शिलाई मशीन कोरडं वाटलं तर जाता-येता थेंबभर तेल घालावं. कात्री बोथट वाटली तर धार लावून ठेवावी. मी केलं, मी केलं असं ओरडत फिरू नये. नियम तसा उत्तम. एकदाच काय तो फसला. तिघांना एकाच सकाळी एकच मशीन कोरडं वाटलं, आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर टाक्याटाक्याला तेलाचे डाग उमटले. मामंजींनी विचारलं, तेल कुणी घातलं. तिघंही गप्प. नियमच तसा होता.

या मामंजींनाही साखरच होती. त्यांनी ती कधी मोजली नाही आणि कुणाला बोलूनही दाखवली नाही. शेवटी शेवटी त्यांना सुईचं नेढं बोटानं चाचपावं लागे. पुढे पुढे सुई राहू दे, सूनही आवाजावरून ओळखावी लागे. वहिनी चहाचा कप त्यांच्या हातात द्यायच्या आणि मामंजी भलत्याच दिशेला बघून हसायचे. ते हसणं वहिनींच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही.

म्हणून दादांनी गोळी सोडली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात वहिनी लांबच्या एका औषधाच्या दुकानात गेल्या. सूनबाईच्या दुकानात नाही, ती दहा प्रश्न विचारणार. जुनी चिठ्ठी दाखवून त्यांनी दादांच्याच गोळ्या आणल्या आणि सुयांच्या डब्यात तळाशी ठेवल्या. सकाळी अक्कांच्या आज्ञेनं दादांना कसल्याशा पाल्याचा हिरवा रस प्यावा लागे. तो इतका कडू असे, की त्यात आख्खी खुर्ची कुटून घातली असती तरी चव बदलली नसती. वहिनी रोज त्यात एक गोळी पूड करून घालत होत्या. दिसलं ते केलं, बोलून दाखवलं नाही.

आता पंचाईत अशी, की आज आकडा चांगला येणार होता. तो गोळीमुळे चांगला येणार, आणि त्या चांगल्या आकड्याच्या जोरावर अक्का गोळी कायमची बंद करणार. आणि आजपासून अक्का मुक्कामालाच येणार होत्या, रसाची सूत्रं स्वतः हातात घ्यायला. वहिनींनी आपल्या हातानं आपलाच दोर कापला होता. सांगावं तर तीन महिन्यांची चोरी उघडी पडते, न सांगावं तर नवऱ्याचे डोळे जातात. रात्रभर त्यांनी हाच पाढा घोकला होता, आणि सकाळी पुन्हा मुकाट्यानं गोळी कुटली होती.

अक्का आत आल्या. एका हातात भाज्यांची जुडी, दुसऱ्या हातात त्यांची ती प्रसिद्ध काळी पिशवी. या पिशवीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. शाळेतल्या पोरांपासून घरातल्या लोकांपर्यंत सगळ्यांचा एकच समज, की आत अक्कांची गुपितं आहेत. अक्का ती मांडीवरून खाली ठेवत नसत.

"खिळ्या कुठाय?" त्यांनी विचारलं. दादांना त्या लहानपणापासून खिळ्या म्हणत. काम करताना बारीक खिळे ओठांत धरायची दादांची सवय, आणि तोंडात खिळे असले की माणूस बोलणार काय. अर्धं आयुष्य त्यांनी असं न बोलता काढलं होतं.

वहिनी म्हणाल्या, खाली आहेत, कपडे बदलून येताहेत. सकाळी काही खाल्लं नाही, नुसता रस घेतला. पोट आत दिसावं म्हणतात.

"शाब्बास," अक्का म्हणाल्या.

वहिनींनी भीत भीत आणखी एक गोष्ट कानावर घातली. गेले तीन-चार दिवस ह्यांना मधूनच दरदरून घाम फुटतो. काल तर कापड बेतताना हात थरथरला. अक्कांनी हात झटकला. ते शरीरातलं विष बाहेर पडतंय, म्हणाल्या, तीन महिन्यांनी पडतंच. स्प्रिंग लगेच म्हणाले, हो, पडतंच, मीही ऐकलंय. सूनबाईनं वर बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, पण अक्का तोवर कोबीवर घसरल्या होत्या.

खरं तर अक्कांचा तरी एकटीचा काय दोष. दादांना साखर आहे हे कळल्यापासून सारं गाव उंटावरचं शहाणं झालं होतं. गिऱ्हाईक खुर्ची दुरुस्तीला टाकायला येई आणि जाताना दादांची दुरुस्ती करून जाई. एक म्हणे अनवाणी चाला, दुसरा म्हणे अनवाणी मुळीच चालू नका. फोम घेऊन येणारा टेम्पोवाला सांगे, घास बत्तीस वेळा चावा. बँकेतल्या बाई सांगत, जेवूच नका, नुसता वास घ्या. एका निवृत्त कॅप्टनसाहेबांनी तर आरामखुर्ची परत न्यायला आले असताना दादांना तासभर एका पायावर उभं केलं. एक ना धड भाराभर चिंध्या, आणि चिंध्या तर कारखान्यात आधीच पोत्यानं होत्या.

जिन्यावर पावलं वाजली आणि दादा वर आले.

आधी सगळे नुसतेच बघत राहिले. अंगात पंधरा वर्षांपूर्वीची पॅंट, गळ्यात मापाची टेप. पॅंट बसत होतीच, वर चार बोटं सैल होती. दारात थांबून दादांनी दोन्ही हात पसरले आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली. दादांनी. ज्यांनी लेकाच्या लग्नातही टाळ्या मोजून तीनच वाजवल्या होत्या, त्या दादांनी.

"कसा दिसतोय?" ते म्हणाले.

स्प्रिंग म्हणाले, नवरदेव. अक्कांनी शिट्टी फुंकली. आणि वहिनींना, काय सांगावं, गंमतच वाटली. इतक्या वर्षांत हा माणूस असा हसताना त्यांनी पाहिला नव्हता. गाल लाल, डोळे चमकताहेत, आणि तोंडात एकही खिळा नाही.

मग दादा सुटले. गळ्यातली टेप काढून त्यांनी एकेकाचं माप घ्यायला सुरुवात केली. स्प्रिंगच्या पोटाभोवती टेप गुंडाळून म्हणाले, तू मला फार आवडतोस, पण कामाला तू शून्य आहेस, हे मी वीस वर्षं सांगणार होतो, राहूनच गेलं. स्प्रिंग हसले, कारण सगळेच हसत होते. सूनबाईला म्हणाले, तू या घरात आलीस तेव्हा मी तुझ्याशी आठवडाभर बोललो नाही, त्याचं कारण एवढंच, की काय बोलावं ते मला सुचेना. सूनबाईचे डोळे पाणावले. मग अक्कांच्या पाठीमागे जाऊन त्यांनी खांद्यापासून खांद्यापर्यंत टेप लावली.

"अक्का, तुला नवीन कव्हर घालू या," ते म्हणाले. "आतला काथ्या एक नंबर आहे. वरून फार ताणून बसवलीय तुला कुणी तरी."

अक्का हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या टेबलावर थाप मारत राहिल्या. "बघितलंत?" त्या सगळ्यांना म्हणाल्या. "बघितलंत, माणूस किती हलका झालाय? ही पथ्याची करामत."

"आणि हिच्या हातचं सगळं गोड लागतं," दादा वहिनींकडे वळून म्हणाले. "तो हिरवा रससुद्धा."

त्यांनी वहिनींच्या मनगटाभोवती टेप धरली आणि माप वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग टेप उलटी करून तिसऱ्यांदा वाचलं, आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा सांगितला. सगळे हसले. वहिनीही हसल्या, आणि हसता हसताच थांबल्या. हा माणूस मापाला चुकत नाही. ताप असो, वीज गेलेली असो, दादांचं माप चुकलेलं कुणी बघितलेलं नाही. त्यांच्या मनगटाला दादांची बोटं लागत होती, ती गार होती आणि ओली होती. सदरा पाठीला चिकटला होता.

"अहो, बसा बघू," वहिनी म्हणाल्या.

दादा बसले, पण खुर्चीत नाही, टेबलावर. काकडीच्या ताटलीला धक्का लागला. सूनबाईनं त्यांचा हात हातात घेतला, बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब मशीनच्या पट्टीला लावला. एवढी बोलकी खोली, पण मशीनची पिप ऐकू येईपर्यंत सगळे चिडीचूप झाले. वहिनींनी डोळे मिटले. आता आकडा येणार, अक्का जिंकणार, आणि आपल्याला बोलावं लागणार.

स्प्रिंगनं सूनबाईच्या खांद्यावरून वाकून आकडा आधी वाचला.

"बेचाळीस," ते किंचाळले. "अरे, बेचाळीस. माझी तर नव्वद असते. दादानं मला निम्म्याखाली हरवलं."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. अक्कांनी शिट्टी लावली ती छाती रिकामी होईपर्यंत काढली नाही. थोरला लेक गोळीपक्षाचा असूनही टाळ्या वाजवायला लागला, कारण हरावं तर इतक्या मोठ्या फरकानं हरावं. स्प्रिंगनं दादांना मिठी मारली. दादाही जोरजोरात टाळ्या वाजवत होते, फक्त त्यांचे हात मधूनच एकमेकांना चुकत होते.

"आत्या, शिट्टी थांबवा," सूनबाई म्हणाली. ती मोठ्यानं बोलली नाही, तरी शिट्टी थांबली. "हे चांगलं नाहीये. ही फारच खाली गेलीय. आणखी खाली गेली तर बाबा बेशुद्ध पडतील. साखर द्या. आत्ता. आई, साखर."

वहिनींचा हात सवयीनं फळीकडे गेला आणि तिथेच राहिला. घरात साखर नव्हती. साखर नव्हती, मध नव्हता, जॅम नव्हता, फळांचा रस नव्हता. एक केळंसुद्धा नव्हतं. तीन महिन्यांत या घरातून गोड म्हणून जे काही होतं ते सगळं हद्दपार झालं होतं, आणि मिठाच्या बरणीत मीठच होतं.

थोरला लेक जिना उतरून रस्त्यावर धावला. सुट्टीची दुपार, समोरचं दुकान बंद, शेजारचं बंद. स्प्रिंग म्हणाले, माझ्याकडे आहे, माझ्याकडे बिस्किटं आहेत, आणि कात्री घेऊन खाली पळाले. सगळ्यांना वाटलं कपाटातून काढताहेत. पण खालून कापड फाटल्याचा आवाज आला, मग आणखी एकदा आला. उद्या पोचवायच्या नव्याकोऱ्या सोफ्याच्या बैठकीत त्यांनी पुडे शिवून ठेवले होते, आणि कुठल्या बैठकीत ते आता त्यांना आठवेना. अखेर वर आले ते दोन्ही मुठींत रिकामे कागद घेऊन. बिस्किटं त्यांनी स्वतःच कधीच संपवली होती.

"मला झोप येतेय," दादा म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती. ते टेबलावरून घसरायला लागले, तसं वहिनींनी आणि सूनबाईनं त्यांना दोन बाजूंनी धरून खुर्चीत बसवलं. सूनबाई एका हातानं डॉक्टरांना फोन लावत होती, दुसऱ्या हातानं सासऱ्यांच्या गालावर चापट्या मारत होती. आपणच मारला, एवढं एकच वाक्य वहिनींच्या डोक्यात फिरत होतं. माझ्या रसानं मारला.

तेवढ्यात त्यांची नजर अक्कांकडे गेली. अक्का मांडीवरच्या काळ्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं. मग पिशवीची कडी काढली.

आतून निघाली ग्लुकोजची पुडी. अक्कांनी ती दातानं फाडली, पाण्याच्या पेल्यात ओतली, चमच्यानं चार फेरे ढवळलं. कुठे सांडलं नाही, हात कुठे थांबला नाही. हे त्या पहिल्यांदा करत नव्हत्या.

"खिळ्या, माझ्याकडे बघ," त्या म्हणाल्या. "बोलता येतंय ना? गिळता येतंय? मग घे. लहान घोट. हा आणखी एक. अंगावर सांडू नकोस, पंधरा वर्षांनी बसलीय ती पॅंट."

दादा प्यायले. मग दादांच्या कपाळावरचा घाम ओसरायला लागला, डोळे जागेवर आले, आणि त्यांनी आजूबाजूला असं पाहिलं जसं कुणी तरी त्यांना भलत्याच स्टेशनवर उतरवलं होतं. सूनबाईनं पुन्हा बोट टोचलं. आकडा वर चढला होता. या वेळी टाळ्या वाजवायच्या की नाहीत ते कुणाला कळेना, म्हणून कुणीच वाजवल्या नाहीत.

"मी स्प्रिंगला काही बोललो का?" दादांनी विचारलं.

"नाही," स्प्रिंग म्हणाले. माणूस तसा मनाचा मोठा.

वहिनींना आता राहवेना. त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या देखत, अक्कांच्याही देखत बोलल्या. "रसात मी गोळी घालत होते. रोज. दुसऱ्या आठवड्यापासून. मामंजींसारखं ह्यांचं व्हायला नको होतं मला." एवढं बोलून त्या रडायला लागल्या.

दादांनी खालमानेनं पॅंटच्या खिशात हात घातला आणि बारीक खिळ्यांची एक डबी काढून टेबलावर ठेवली. झाकण उघडलं. खिळ्यांत गोळ्यांची पट्टी होती, आणि तिच्यातल्या चार गोळ्या गेलेल्या होत्या.

"चार दिवस झाले," ते म्हणाले. "आकडा वाईट आला तर अक्काला वाईट वाटेल, म्हणून सुरू केली. शब्द दिला होता, म्हणून सांगितलं नाही."

म्हणजे चार दिवस रोज दोन गोळ्या, वर जेवायला नुसत्या उकडलेल्या भाज्या, आणि आज तर त्याही नाहीत. सूनबाईनं कपाळाला हात लावला. थोरल्या लेकाला पांढरा सोफा आठवला. एकाच मशीनला दोनदा तेल, तो हळूच म्हणाला, आणि वहिनींना रडता रडता हसू फुटलं. हसू एकदा फुटलं की या घरात ते एकट्याचं राहत नसे. दादा हसायला लागले, सूनबाई हसायला लागली, स्प्रिंग रिकामे कागद हातात धरून हसले.

अक्का हसल्या नाहीत. पिशवी अजून उघडीच होती. ग्लुकोजच्या आणखी पुड्या दिसत होत्या, आणि त्यांच्याखाली एक गोळ्यांची पट्टी. खिळ्यांच्या डबीतली पट्टी आणि ही पट्टी, दोन्हींचा रंग एक होता, नाव एक होतं. हळूहळू ते सगळ्यांना दिसलं.

स्प्रिंगनं तोंड उघडलं. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," त्यांनी सुरुवात केली.

"पुढचं बोललात तर तुमचं जेवण बंद," वहिनी म्हणाल्या. दिरांना त्या आयुष्यात पहिल्यांदा असं बोलल्या, आणि दिरांनी आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसून ऐकलं.

"किती वर्षं?" दादांनी विचारलं.

"नोकरीत होते तेव्हापासून," अक्का म्हणाल्या. "पी.टी.च्या बाईंना साखर. पोरांनी हसून जीव घेतला असता माझा." त्यांनी शिट्टी बोटांत फिरवली. "पथ्य करून गोळी सुटेल म्हणून खूप धडपडले. नाही सुटली. मला वाटलं, मी चुकले असेन, कुठे तरी ढिली पडले असेन. तुझ्याकडून नीट करून घेतलं तर तुझी सुटेल. एकाची तरी सुटू दे, बाबांच्या घरात एकाची तरी." मग म्हणाल्या, "मी तुला मारत होते की रे."

दादांनी बहिणीचा हात धरला. ते काही बोलले नाहीत, पण या वेळी ते खिळ्यांमुळे नव्हतं.

वहिनींच्या मनात मात्र भलतंच काही आलं, आणि आलं तसं त्यांनी विचारलं. "अक्का, तुम्ही तिकडे एकट्या राहता. तुम्हाला असं झालं तर तुमच्या तोंडात साखर कोण घालतं?"

"पिशवी आहे ना," अक्का म्हणाल्या.

एवढी वर्षं जिला गुपितांची पिशवी म्हणून सगळे भ्यायले, ती जवळ माणूस नाही म्हणून बाळगलेली पिशवी होती.

डॉक्टरांनी दादांना ताबडतोब दवाखान्यात आणायला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत समोर बसवून ठेवलं, कारण हे औषध पोटात गेलं की बराच वेळ काम करत राहतं आणि साखर पुन्हा घसरू शकते. तेवढ्या वेळात सगळा कुटुंबकबिला त्यांच्या बाकांना पुरून उरला. डॉक्टर आधी वहिनींवर रागावले, मग दादांवर, मग पाल्यावर. शेवटी म्हणाले, वजन उतरलंय ते पथ्यामुळेच, ते सोडू नका, आणि त्यामुळेच गोळी आता अर्धी पुरेल. पण अर्धी म्हणजे अर्धी, आणि ती किती ते मी ठरवणार. म्हणजे पथ्यपक्षही जिंकला आणि गोळीपक्षही जिंकला. एवढा निकाल ऐकून तिथल्या बाकावरच्या एका आजोबांनी दादांना जांभळाच्या बियांची पूड सुचवली. डॉक्टरांच्या देखत सुचवली. दादा उठले आणि त्यांच्याशी नम्रपणे हात मिळवून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

अक्का काही मुक्कामाला राहिल्या नाहीत. वहिनींनी फार आग्रह केला, पण त्या म्हणाल्या, आज नको, आज मला माझं तोंड लपवू दे. त्यांचं ते पोतं मात्र त्यांनी थोरल्या लेकाबरोबर परत पाठवलं. साखरेचा डबा जसाच्या तसा होता. जॅम संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा टेबलाशी बसले. पुढ्यात नाश्त्याची ताटली, तळहातावर अर्धी गोळी. त्यांनी ती तोंडात टाकली, पाणी प्यायलं, आणि मग खाली कारखान्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मी गोळी घेतली."

मामंजींच्या घरात केलेलं काम असं ओरडून सांगण्याची ही पहिलीच वेळ. खालून स्प्रिंगचा आवाज आला, "ऐकलं." ते फाटका सोफा शिवत बसले होते.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनींनी उचलला. पलीकडून कुणी बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता. फोन ठेवून देणार, तोच तिकडून एक शिट्टी आली. हळूच वाजवलेली, वर्गात पेपर चालू असताना वाजवावी तशी.

"अगं, मी आहे," अक्का म्हणाल्या. "मी पण घेतली."

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "आणि उद्या शिट्टी आली नाही, तर मी तिकडे यायला निघालेय असं समजा."